रेघोट्या मास्तर आणि न पिणाऱ्या गाई

आमच्या एल्क रनच्या खोऱ्यात येऊन 'सेल्मर ब्रेक्के कुठं राहतो' असं विचारलंत, तर माणूस टोपी मागं सारून घटकाभर आठवत बसेल. 'रेघोट्या मास्तर' म्हणा, शेंबडं पोरगंसुद्धा बोट करून घर दाखवील. आजा नॉर्वेहून आलेला लाकूडतोड्या, बाप गाईवाला, आणि या घरात फिजिक्सचा मास्तर कसा निपजला, याचा उलगडा त्याच्या आईला शेवटपर्यंत झाला नाही. ती म्हणायची, "ल्हानपणी दुधाच्या कॅनवर डोस्क्यावर पडला व्हता. तवापासनं आसा हाय."

अंगानं उंच, वाळका, कमरेत जरा वाकलेला. आमच्याकडच्या बाप्यांच्या खिशात तंबाखूची डबी असते, याच्या खिशात खडू. फळ्यावर रेघा ओढायचा ते ठीक, तेवढ्याचा पगार होता. पण हा माझ्या टँकरच्या धुळीवर ओढायचा, चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता टेबलावरच्या कागदावर ओढायचा, शुक्रवारी मासे खायला बसला की ताटातल्या सॉसमध्ये बोटानं ओढायचा. एकीकडं अधिकचं चिन्ह, दुसरीकडं उणे, आणि मधे उभ्या चिरलेल्या कांद्यासारख्या फाकत गेलेल्या रेघा.

मी त्या खोऱ्यातला दुधाचा टँकर चालवायचो. चाळीस गोठ्यांचं दूध रोज गोळा करायचं म्हटल्यावर चाळीस घरांची भांडणं, लग्नं आणि सर्दीपडशी आपोआप कळतात. त्याआधी मी सेल्मरचा विद्यार्थी होतो. पास कसा झालो ते आम्हां दोघांनाच ठाऊक, आणि दोघंही बोलत नाही.

त्याचा वर्षातला मोठा सण म्हणजे एरंडेलाचा दिवस. काचेच्या पसरट थाळीत एरंडेल ओतायचं, त्यावर गवताचं बी चिमटीनं भुरभुरायचं. तेलात दोन लोखंडी खुंट्या उभ्या करायच्या आणि त्यांना हातानं फिरवायच्या यंत्राच्या तारा जोडायच्या. यंत्र फिरवायचं काम वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराला. तो फिरवायला लागला की तेलात पसरलेलं बी हळूहळू अंग वळवायचं, एकामागं एक रांगेला लागायचं, आणि या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत रेघाच रेघा उमटायच्या. कितीही उनाड वर्ग असला तरी तेवढा वेळ कुणी कुणाला चिमटा काढत नसे.

सेल्मर म्हणायचा, "हं. बघितलं? आता कायदे ऐका. रेघ अधिकापासनं निघती आन उण्यावर जाऊन टेकती. मधीच लटकत न्हाई. दोन रेघा एकमेकींला कापत न्हाईत. कापल्या, तर त्या जागच्या बीनं तोंड कुनीकडं करायचं? बीला काय दोन तोंडं हायत, तुमच्या काकासारखी? जिथं दाटी, तिथं जोर. आन धातूवर टेकायचं तर सरळ, काटकोनात. तिरकं तोंड करून न्हाई."

मग तो तेलात पत्र्याची एक गोल रिंग ठेवायचा. बाहेरच्या रेघा येऊन रिंगेच्या अंगावर टेकायच्या, आतलं बी मात्र जसं पडलं तसंच, कसंही, अस्ताव्यस्त. "धातूच्या पोटात शिरायला तिला परवानगी न्हाई," तो म्हणायचा. "बाहेर वादळ सुटूंदे, आत म्हातारी झोपल्याली."

एकदा राजधानीहून, मॅडिसनहून, शाळातपासनीस आले होते. म्हणाले, "ब्रेक्के, शिकवणं चांगलं आहे, पण भाषा जरा सुधारा." सेल्मर म्हणाला, "सायेब, मी भाषा सुधारली तर ही पोरं ऐकायची बंद व्हत्याल. मग चांगलं शिकवणं कुणाला ऐकवू, तुमाला?" तपासनीसांनी शेऱ्यात काय लिहिलं माहीत नाही. भाषा होती तशीच राहिली.

तर असा हा माणूस. आता त्याच्या हातून झालेल्या चुकीची गोष्ट.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आमच्या खोऱ्यातून विजेची मोठी लाईन गेली. दीडदीडशे फूट उंच लोखंडी मनोरे, त्यावरून जाडजूड तारा, आणि धुकं पडलं की त्यांचा असा आवाज, जणू आभाळात कुणीतरी बेकन तळतंय. लाईन पाल्मा स्कोगेनच्या कुरणावरून गेली. पाल्मा पंचेचाळिशीची, बांध्यानं आडवी, तोंडानं त्याहून आडवी. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा ट्रॅक्टर उलटून गेला. तेव्हापासून चौतीस गाई ती एकटी सांभाळायची. मदतीला दीर ऑर्विन. तो सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायचा आणि मधल्या वेळात वहिनीची बोलणी खायचा.

लाईन आली तशी खोऱ्यात कुजबुज सुरू झाली. कुणाची कोंबडी अंडी देईना, लाईनमुळं. कुणाची सासू बरी होईना, लाईनमुळं. कुणाची बरी झाली, तीही लाईनमुळंच. सेल्मरला हे ऐकून हसू यायचं. आणि त्याला वाटलं, शिकवायला एवढी मोठी रेघ देवानं स्वतःहून डोक्यावर आणून टांगलीये, ती सोडायची कशी?

ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी तो सगळा वर्ग ऑर्विनच्या बसमध्ये घालून पाल्माच्या कुरणावर गेला. शाळेच्या रखवालदारानं जपून ठेवलेल्या जळक्या ट्यूबलाइट बरोबर घेतल्या होत्या. पोरं लाईनखाली रांगेनं उभी केली, एकेकाच्या हातात एकेक ट्यूब, उभी धरलेली. ना तार, ना बटण, ना बॅटरी. अंधारत गेलं तशा ट्यूबा आपोआप उजळायला लागल्या. फिकट, निळसर, पण उजळल्या. चोवीस पोरं हातात चोवीस उजेड धरून कुरणात उभी.

"वरच्या तारेपासनं रेघा खाली उतरायल्यात," सेल्मर ओरडून सांगत होता, कारण वारा बोचरा सुटला होता. "रेघ कुठंतरी टेकायला लागती. एकतर जमिनीवर, न्हाईतर जमिनीला जोडलेल्या लोखंडावर. वाटंत तुमची ट्यूब आली, म्हणून ती पेटली."

हा धडा अजून बाकी होता. पण थंडी वाढली, एका पोरीचं नाक गळायला लागलं, आणि दोघातिघांनी गरम कोकोची आठवण काढली. सेल्मर म्हणाला, "बरं, उरल्यालं उद्या वर्गात." दुसऱ्या दिवशी त्यानं ते वर्गात सांगितलंही.

पण कुरणात त्या संध्याकाळी फक्त वर्ग नव्हता. कुंपणापलीकडं सात-आठ गाड्या थांबल्या होत्या. पाल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. ऑर्विन बसला टेकून सगळं मन लावून ऐकत होता. यांच्यापैकी दुसऱ्या दिवशी वर्गात कोण जाणार?

डिसेंबर लागला. पाणी गोठायला लागलं, तशी पाल्मानं पाण्याच्या टाकीत हीटर सोडला. तिच्या गोठ्याला लागूनच पत्र्याची एक शेड आहे, वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा. तिथं जस्ताची मोठी गोल टाकी. दिवसातून दोनदा गाई सुटायच्या आणि तिथं येऊन प्यायच्या. आठवड्याच्या आत त्या प्यायच्या थांबल्या. टाकीपर्यंत यायच्या, तोंड लावायच्या, झटक्यानं मागं सरायच्या, आणि मग लांब उभं राहून टाकीकडं असं बघायच्या, जणू तिनं त्यांना शिवी दिलीये. बाहेर जाऊन बर्फ चाटायच्या. दूध अर्ध्यावर आलं. मी रोज टँकरला पाइप लावायचो आणि रोज काहीतरी वेगळं बोलायचो, म्हणजे तिला ते बोलायला लागू नये.

जनावरांचा डॉक्टर आला, गाई ठणठणीत आहेत म्हणून सांगून गेला. कंपनीची माणसं आली, लाईनखाली उभं राहून कसलीशी सुई बघून गेली. पाल्मा घरातल्या नळाखाली बादल्या भरायची आणि शेडमध्ये वाहून न्यायची. बादलीतलं पाणी गाई घटाघटा प्यायच्या. चौतीस गाई, आणि एकेक गाय म्हणजे पाण्याची विहीर. पहाटेपासून बादल्या. जानेवारी संपता संपता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. खोऱ्यातल्या सगळ्यांनी निकाल दिला: लाईनची वीज शेडमध्ये झिरपते, ट्यूबा पेटताना आपण डोळ्यांनी बघितल्या.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी फेरी संपवून मी सेल्मरच्या घरी गेलो. तो सूप पीत होता.

"पाल्मा गाई इकतीया," मी म्हणालो. "शनवारी दुपारी बारा वाजता लिलाव. पाट्या लागल्यात."

"का?"

"का म्हंजी? सगळं खोरं सांगतंय का. तुमच्या रेघा."

त्याचा चमचा वाटीतच राहिला. "माझ्या?"

"तुमीच न्हाई का दाखिवल्या? लोकं म्हणत्यात, मास्तरनंच शाबीत केलं. शाळेचा माणूस सांगतो तर खोटं कशाला सांगंल?"

सेल्मरनं सूप तसंच ठेवलं.  मग म्हणाला, "बादलीतलं पितात म्हणालास?"

"व्हय."

"बादली कुठं ठेवती?"

"टाकीला लागून. तिथंच."

"मग रेघांना बादली दिसत न्हाई आन टाकी दिसती व्हय?" तो म्हणाला, आणि उठून तळघरात काहीतरी धुंडाळायला गेला.

मंगळवारी साडेपाच-सहाला, दूध काढायच्या वेळेला, आम्ही दोघं पाल्माच्या दारात. सेल्मरच्या एका काखेत ट्यूबलाइट, दुसऱ्या हातात व्होल्टमीटरचा डबा. पाल्मा दोन बादल्या घेऊन समोरून येत होती.

"आलात," ती म्हणाली. "आता काय, लिलावात बी ट्यूबा पेटवायच्या?"

"पाल्मा, दहा मिनिटं दे."

"दहा मिनिटांत चार बादल्या व्हत्यात."

"नॉर्बर्ट नेईल बादल्या," सेल्मर म्हणाला. नॉर्बर्ट म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

दिवस मावळला होता. सेल्मरनं अंगणात ट्यूब उभी धरली. ती उजळली. ती तशीच धरून तो शेडकडं चालत गेला, दारातून आत शिरला, आणि ट्यूब मेली. बाहेर आला, उजळली. आत गेला, मेली. तीनदा केलं. ऑर्विन गाई सोडत होता, तोही थांबून बघायला लागला.

"रेघा पत्र्यावर येऊन टेकल्या," सेल्मर म्हणाला. "पत्रा वलांडून आत येत न्हाईत. लाईन काय करायची ती बाहेर करती. आत जे चाललंय, ते आतलंच कुणीतरी करतंय."

"आत कोन हाय? मी, ऑर्विन आन गाई," पाल्मा म्हणाली. "ऑर्विननं काई केलं तर मला आधी कळतं. त्याला सांगितल्याशिवाय तो शिंकत बी न्हाई."

सेल्मरनं मीटरच्या एका तारेचं टोक टाकीच्या काठावर लावलं, दुसरीचं ओल्या सिमेंटवर. सुई उठली आणि चौदावर जाऊन बसली.

"चौदा व्होल्ट," तो म्हणाला.

"सुया लई बघितल्या म्या. कंपनीवाल्यांनी बी दाखिवली व्हती," पाल्मा म्हणाली. "मी रोज धा येळा त्या टाकीत हात घालते. मला कधी काई झालं न्हाई. आन गाई माझ्यापेक्षा नाजूक हायत व्हय? ती हुल्डा बघा, शिंगं असती तर मनोरा पाडला आसता तिनं."

हुल्डा ही तिच्या कळपाची म्होरकी. ती पुढं गेली तर बाकीच्या जाणार, ती थांबली तर सगळ्या थांबणार. आत्ता ती थांबली होती.

"तुझ्या पायात काय हाय?" सेल्मरनं विचारलं.

"बूट."

"कशाचं?"

पाल्मानं खाली बघितलं. रबरी बूट, गुडघ्यापर्यंत. आमच्याकडं गोठ्यात सगळे तेच घालतात.  पाल्मा बादली उलटी करून तिच्यावर बसली, बूट काढले, मोजे काढले, आणि फेब्रुवारीच्या थंडीत, शेणामुतानं ओल्या झालेल्या सिमेंटवर अनवाणी उभी राहिली.

"मरायची न्हाईस, पण मजा बी येणार न्हाई," सेल्मर म्हणाला.

तिनं टाकीत हात घातला, आणि झटक्यानं मागं घेतला. अगदी गाईसारखा. मग हुल्डाकडं बघितलं. हुल्डा तिच्याकडं बघत होती.

"दोन म्हैनं," पाल्मा हळूच म्हणाली, "दोन म्हैनं मी हिला येडी म्हणतीया."

सेल्मरनं हीटरचा प्लग काढला. सुई शून्यावर. लावला, चौदा. हीटर जुना होता, त्याच्या आतली तार कुठंतरी बाहेरच्या धातूला चिकटली होती. तसं जुन्या हीटरचं होतच राहतं. म्हणून तर अशा टाकीला तांब्याची तार बांधून ती जमिनीत पुरलेल्या सळईला जोडतात. चुकलेली वीज त्या तारेनं निमूट जमिनीत जाते, कुणाला कळतही नाही. सेल्मर टाकीमागं गुडघ्यावर बसला, हात घालून चाचपडला. तांब्याचं टोक हाती लागलं. स्वच्छ, चकचकीत, पक्कडीनं कापलेलं.

"ही तार कुणी कापली?"

"म्या," ऑर्विन म्हणाला. चेहऱ्यावर जरा अभिमानच होता. "ऑक्टोबरातच कापली."

पाल्मा हळूहळू त्याच्याकडं वळली. तिच्या पायात अजून बूट नव्हते.

"कशापायी?" सेल्मरनं विचारलं.

"तुमीच सांगितलं की मास्तर. रेघ टेकती ती जमिनीवर, न्हाईतर जमिनीला जोडलेल्या लोखंडावर. मी इचार केला, टाकी जमिनीला जोडल्याली, म्हंजी रेघा हितं येऊन टेकणार. तार कापली, की त्येंना टेकायला जागा न्हाई. मग जात्यात परत, आल्या तशा." तो जरा थांबला. "वैनीला सांगितलं न्हाई. म्हटलं, उगं काळजी करंल."

 एक गाय मुतली, तेवढाच आवाज.

सेल्मरचा हात खिशातल्या खडूकडं गेला आणि तसाच परत आला. "ऑर्विन," तो म्हणाला, "तू जे ऐकलंस ते बरोबर ऐकलंस. पण ते वरनं उतरणाऱ्या रेघांचं. उरलेलं, आतल्या आत चुकलेल्या विजेला घरची वाट कशी द्यायची ते, मी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं."

"मी वर्गात नव्हतो."

"व्हय."

"मग मला बोलवायचं न्हाई का? पोरांना घेऊन तर मीच आलतो शाळेत."

 एकतीस वर्षांत त्याला निरुत्तर केलेला हा पहिला माणूस, आणि तो दहावीत दोनदा बसलेला.

बुधवारी सकाळी नवा हीटर आला, नवी तांब्याची तार आली. सुई शून्यावर. सेल्मरनं पाल्माला अनवाणी उभं केलं, स्वतः अनवाणी उभा राहिला, दोघांनी टाकीत हात बुडवले. काही नाही. गाई सोडल्या. हुल्डा आली, टाकीपासून दहा फुटांवर थांबली. मागं तेहतीस थांबल्या. घटकाभर बघितलं आणि सगळ्या बाहेर बर्फ चाटायला निघून गेल्या.

"तुमाला कळलं, मला कळलं," पाल्मा म्हणाली, "हिला कोन सांगणार?"

"चार दिवस लागत्याल. जनावर हाय, आठवण ठेवतंय."

"चार दिवस न्हाईत. शनवारी लिलाव हाय. आन माझा हात आता केस इंचरायला बी वर जात न्हाई, मास्तर. प्याल्या तर ठेवीन. न्हाई प्याल्या तर जात्याल. तुमी खोऱ्याला चार म्हैनं भ्या घातलं. आता हिला धीर द्या."

सेल्मरनं टोपी काढली, डोकं खाजवलं. मग विचारलं, "गाई लई चौकस असतात, व्हय की न्हाई?"

"नवीन काई दिसलं की हुंगल्याबिगर राहत न्हाईत."

त्या संध्याकाळी सेल्मर टाकीच्या काठाला लागून खुर्चीवर बसला. बाही कोपरापर्यंत वर केलेली, हात पाण्यात. पाय अनवाणी, सिमेंटवर. दुसऱ्या हातात पेपर. गाई आल्या आणि पंधरा फुटांवर अर्धगोल करून उभ्या राहिल्या. असलं ध्यान त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मीसुद्धा.

"मास्तर, पाण्यात काय धुताय?" मी विचारलं.

"पाप," तो पेपरातून मान न काढता म्हणाला.

गुरुवारी सकाळी तो पुन्हा हजर. संध्याकाळी पुन्हा. शाळेला तीन दिवस सुट्टी टाकली होती, जन्मात पहिल्यांदा. हाताची कातडी मनुक्यासारखी सुरकुतली, नाक लाल झालं. ऑर्विन त्याला दर तासाला कॉफी आणून द्यायचा आणि शेजारी उकिडवा बसून उरलेला धडा ऐकायचा, तोही प्रश्न विचारत. "आन गाय लाकडाची आसती तर?" असले. सेल्मर त्यालाही नीट उत्तर द्यायचा. गुरुवारी संध्याकाळी हुल्डा सहा फुटांपर्यंत आली, मान लांब केली, फुसकन श्वास सोडला आणि परत गेली. पाल्मा बादल्या वाहतच होती, आता डाव्या हातानं. ती सेल्मरकडं बघायचीही नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मीही मुद्दाम थांबलो. हुल्डा आली. चार फूट. दोन फूट. सेल्मरनं पेपर खाली ठेवला, पण हात हलवला नाही. तिनं त्याचा खांदा हुंगला. मग कोपर. मग खरखरीत जीभ काढून त्याच्या ओल्या मनगटापर्यंत चाटत खाली आली, आणि चाटता चाटता तिचं नाक पाण्याला लागलं. ती ताठरली. आम्ही सगळे ताठरलो. ऑर्विननं कॉफीचा कप असा धरला होता, की जणू हलवला तर गाय पळेल.

काही झालं नाही. हुल्डानं तोंड पाण्यात घातलं आणि ओढायला लागली. तिच्या गळ्यातून पाण्याचा एकेक गोळा खाली जाताना दिसत होता. मग मागच्या तेहतिसांना समजलं, आणि त्या अशा लोटल्या, की सेल्मर खुर्चीसकट कडेला पडला. एका गाईनं त्याचा पेपर तुडवला. त्याला कुणी उठवायला गेलं नाही, कारण पाल्मा आधीच घराकडं निघाली होती, फोन करायला, आणि आम्ही दोघं तिच्याकडं बघत होतो. दोन महिन्यांत ती रिकाम्या हातांनी चालताना दिसली नव्हती.

लिलाववाला फोनवर म्हणाला, "बाई, आता पाट्या लागल्यात, पेपरात आलंय. दोन गावांवरनं लोक निघायची तयारी करत्यात." चर्चच्या बायका त्याहून जास्त कावल्या. लिलाव म्हटला की जेवण त्यांचं. शंभर हॅम सँडविच बांधून झाली होती, बारा केक भाजून झाले होते.

"मग या सगळे," पाल्मा म्हणाली. "खायला या. गाई मिळायच्या न्हाईत."

शनिवारी दुपारी बाराला तिच्या आवारात साठ-सत्तर माणसं जमली. बातमी पोचली होती, पण फुकटची करमणूक आणि बायकांचे केक सोडून घरी कोण बसणार? सगळी शेडमध्ये दाटली. हातात कागदी ताटल्या, तोंडात हॅम, आणि समोर गाई पाणी पितायत.

सेल्मर टाकीजवळ उभा राहिला. सर्दीनं त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "ऑक्टोबरात तुमच्यापैकी लई जण कुंपणापलीकडं उभे व्हते. मी धडा अर्धाच सांगितला आन तुमाला घरी जाऊ दिलं. उरलेला आत्ता सांगतो. कुणी कोको मागायचा न्हाई."

पंचवीस मिनिटं तो बोलला. रेघा बाहेर कुठं टेकतात, आतली चुकलेली वीज कुणीकडून जाते, टाकीची तार का कापायची नाही. लोक शेवटपर्यंत उभे राहिले. त्यातले दोघं नंतर गुपचूप घाईनं निघून गेले, आणि मी ओळखलं की यांच्याही टाकीच्या तारा कापलेल्या आहेत. ऑर्विन सगळ्यांत पुढं उभा होता. मधे मधे मान हलवून लोकांकडं असं बघत होता, की हे सगळं आपल्याला आधीपासून ठाऊक आहे.

बोलणं संपलं. लिलाववाला केकचा शेवटचा तुकडा चघळत टाकीपाशी आला आणि हुल्डाच्या पाठीवरून हात फिरवायला लागला. धंद्याचा माणूस, मोकळ्या हातानं परत जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

"बाई, अजून बी सांगतो, गाय झकास हाय," तो म्हणाला. "नुस्ती हिची बोली लावू. काय म्हणता?"

"थांबा जरा," पाल्मा म्हणाली. "तिचं दोन म्हैन्यांचं पाणी पिऊन व्हायचंय."